दिसत नाही ते पाणी कुणाचं? लातूर-नांदेडच्या जमिनीखालची गोष्ट

(लातूर इथं दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्य तितका तसाच ठेवला आहे.)

आधीच एक कबुली देतो. मी भूगर्भशास्त्राचा माणूस नाही. आयुष्य तत्त्वज्ञान शिकवण्यात गेलं. संयोजकांचा फोन आला तेव्हा मी म्हणालो, पाण्यावर बोलायला इंजिनिअर बोलवा. ते म्हणाले, "सर, इंजिनिअर तीन झाले. आता तुम्ही बोला." म्हणजे चौथ्या नंबरला तत्त्वज्ञानवाला. असो. निवृत्तीनंतरची काही वर्षं मी भूजल सर्वेक्षणाचे अहवाल वाचण्यात आणि विहिरींत डोकावण्यात घालवली आहेत, त्या बळावर बोलतो.

सुरुवात आपल्या सगळ्यांच्या आठवणीतल्या दिवसापासून करू. १२ एप्रिल २०१६. मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. पुढे पन्नास वाघिणींची गाडी येऊ लागली, पंचवीस लाख लिटर. त्याआधी मार्चमध्ये पाणी भरण्याच्या जागांवर जमावबंदी लावावी लागली होती. घागरीसाठी १४४ कलम! धनेगावचं मांजरा धरण कोरडं होतं. चार लाखांच्या शहराला पंचवीस लाख लिटर, म्हणजे माणशी सहा लिटर. तरी ती गाडी बघायला लोक स्टेशनवर गेले होते. मीही गेलो होतो.

आता एक हिशोब करू. मनातल्या मनात करा, सोपा आहे. एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस पडला की दहा हजार लिटर पाणी होतं. लातूरची सरासरी सुमारे ८०० मिलिमीटर. म्हणजे चांगल्या वर्षी एका हेक्टरवर ऐंशी लाख लिटर, एका एकरावर बत्तीस लाख. पन्नास वाघिणींच्या गाडीत होतं पंचवीस. म्हणजे एवढा गाजावाजा करून साडेतीनशे किलोमीटरवरून जे पाणी आणलं, ते आपल्या एका एकरावर पडणाऱ्या पावसापेक्षा कमी होतं. तुम्ही म्हणाल, २०१५ साली पाऊस कुठं झाला? निम्म्याच्या आसपास झाला. बरं, मग दोन एकर धरा.

मी गाडीची टिंगल करत नाही. तहानलेल्याला पाणी पोचवणं हे चांगलंच काम. पण पाऊस पडला कुठं आणि गेला कुठं, हा प्रश्न त्या गाडीमुळं झाकला गेला. आणि २०१६ च्याच सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये काय झालं? धरण भरलं. २०२१ ला मांजराचे दरवाजे उघडावे लागले, काठची पिकं वाहून गेली. २०२५ च्या ऑगस्टमध्ये नांदेडच्या मुखेड तालुक्यात हसनाळसारखी गावं रात्रीत पाण्याखाली गेली, माणसं गेली. दुष्काळ आणि पूर या दोन वेगळ्या आपत्ती आहेत असं आपण समजतो. आपल्याकडं एकाच जमिनीवर, एकाच उतारावर या दोन्ही गोष्टी घडतात.

आता जमिनीखाली उतरू. इथं थोडा वेळ द्या, कारण बाकी सगळं यावर उभं आहे.

आपल्याकडं 'पाणी लागलं' म्हणतात. खाली झरे आहेत, शिरा आहेत, नदी वाहते आहे, आणि आपला बोअर तिला नेमका भिडला, असं चित्र डोक्यात असतं. हे चित्र जुनं आहे. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत 'दकार्गल' नावाचा एक अख्खा अध्याय भूजलावर आहे. अंगात रक्ताच्या शिरा असतात तशा भूमीत पाण्याच्या शिरा असतात, अशी त्याची कल्पना. कोणत्या झाडाजवळ, वारुळाच्या कोणत्या बाजूला किती खोल पाणी मिळेल, हे तो सांगतो. निरीक्षण म्हणून ते मोठंच आहे. आपले पाणाडी आजही नारळ हातावर ठेवून फिरतात, त्यांच्याही मनात तीच शीर असते.

पण आपल्या पायाखाली आहे तो काळा पाषाण. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक पसरले, त्यातून हे दख्खनचं पठार झालं. महाराष्ट्राचा ऐंशी टक्क्यांहून अधिक भाग याच खडकाचा. पुरणपोळ्यांची चवड डोळ्यांसमोर आणा. प्रत्येक थराचा वरचा भाग फुसफुशीत, वायूच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेला. खालचा भाग घट्ट, जिथं फट असेल तिथंच पाणी. दोन थरांमध्ये काही ठिकाणी लाल मातीचा पापुद्रा. विहीर खणणाऱ्या वडारी मंडळींना हे सगळं पाठ असतं: माती, मग मुरूम, मग मांजऱ्या, मग काळा दगड. अहवाल वाचून मला जे कळलं ते त्यांना पहारीच्या आवाजावरून कळतं.

नांदेड जिल्ह्यात पश्चिमेकडं हाच काळा पाषाण. देगलूर-बिलोलीकडं गेलात की खडक बदलतो, ग्रॅनाइट लागतो, शिळा गोल गोल दिसायला लागतात. तिथंही वरचा कुजलेला थर पाणी धरतो, खाली फटी असतील तर असतील.

या खडकात पाणी मावतं किती? नदीकाठच्या वाळूच्या गाळात शंभर घनफूट जागेतून पंधरा-सोळा घनफूट पाणी मिळू शकतं. आपल्या कुजलेल्या किंवा सच्छिद्र पाषाणात? दोन. एक ते तीन धरा.

या दोन टक्क्यांत मराठवाड्याची सगळी कहाणी आहे. पावसाचं दहा टक्के पाणी मुरलं समजू. खडकाप्रमाणे सातही मुरतं, तेराही मुरतं, आपण दहा धरू. ८०० चे दहा टक्के म्हणजे ८० मिलिमीटर. दोन टक्के पोकळीच्या खडकात एवढं पाणी शिरलं की विहिरीची पातळी किती चढेल? चार मीटर. तेरा फूट! वाळूच्या गाळात तेवढ्याच पाण्यानं अर्धा मीटर चढली असती. म्हणून आपल्याकडं एका चांगल्या पावसात विहीर तोंडापर्यंत येते आणि शेतकरी खूश होतो. आणि म्हणूनच तेवढंच पाणी उपसलं की दिवाळीनंतर ती तेरा फूट उतरते. आपलं भूजल म्हणजे मोठं पातेलं नाही, उथळ परात आहे. भरायला वेळ लागत नाही, रिकामी व्हायलाही नाही. 'यंदा विहिरी तुडुंब आहेत, ऊस लावू' हा निर्णय या परातीकडं बघून, पातेलं समजून घेतला जातो.

ऊस आला आहे तर तोही हिशोब उरकून टाकू. उसाला वर्षभरात सुमारे दोन हजार मिलिमीटर पाणी लागतं. त्यातलं पाचसहाशे पावसानं भागलं म्हणा. उरलं चौदाशे, म्हणजे एकरी छप्पन्न लाख लिटर. एका एकरात मुरतं किती? बत्तीस लाखांचे दहा टक्के, तीन लाख वीस हजार. भागाकार करा. एका एकर उसासाठी सतरा-अठरा एकरांचं मुरलेलं पाणी लागतं. मग तुमच्या अडीच एकरांतला ऊस कुणाच्या रानातलं पाणी पितो? मी उसाच्या शेतकऱ्याला दोष देत नाही. तुरीला, सोयाबीनला भावाची खात्री असती तर त्यानं एवढा कुटाणा कशाला केला असता?

आता वर येऊ, जमिनीवर. पाणी मुरवायचं तर कुठं मुरतं हे पाहायला हवं. आपली काळी माती उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते. रोहिण्या-मृगाचा पहिला पाऊस त्या भेगांतून सरळ आत जातो. मग माती फुगते, भेगा मिटतात, आणि त्यानंतरचं पाणी वरच साचतं नाहीतर वाहतं. म्हणजे काळ्या रानात, पायथ्याला, खोल माती असते पण मुरणं कमी. खरं पाणी मुरतं ते वर, माळावर, बरड मुरमाड जमिनीत, जिथं पीक येत नाही म्हणून आपण ती टाकून दिलेली असते. गावातला सगळ्यात दुर्लक्षित तुकडा हाच गावाच्या विहिरींचा वरचा दरवाजा. तिथं सलग समतल चर, गवत, झाडं. मग खाली बांध-बंदिस्ती, नाल्यावर लहान बांध, आणि शेवटी तळं. माथ्याकडून पायथ्याकडं. पळणाऱ्या पाण्याला चालायला लावायचं, चालणाऱ्याला थांबायला, थांबलेल्याला मुरायला. ही वाक्यं तुम्ही शंभर भिंतींवर वाचली असतील, म्हणून पुढं जातो. जालना जिल्ह्यातल्या कडवंचीत विजयअण्णा बोराडे आणि खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रानं हे करून दाखवलं. आपल्यासारखाच पाऊस, किंबहुना आपल्यापेक्षा कमीच.

पण आपल्याला घाई असते, आणि जेसीबी उपलब्ध असतो. (हशा)

नाला खोलीकरणाबद्दल जरा बोलतो. धुळे जिल्ह्यात शिरपूरला सुरेश खानापूरकरांनी नाले रुंद-खोल केले आणि विहिरींना पाणी आलं. सगळा महाराष्ट्र पाहायला गेला. पण शिरपूरचा बराच भाग तापीच्या गाळाचा आहे, तिथं वरच्या घट्ट थराखाली पाणी पिणारी वाळू आहे. आपल्याकडं तेच यंत्र लावलं की दोन गोष्टी होऊ शकतात. खाली कठीण पाषाण लागला, तर नाल्यात पाणी दिसतं पण मुरत नाही, उन्हात उडून जातं. तो हौद झाला. आणि नाला पाणी धरणाऱ्या थरातून आरपार गेला तर उलटंच होतं. दोन्ही बाजूंच्या विहिरींतलं पाणी हिवाळ्यात हळूहळू नाल्यात झिरपतं आणि वाहून जातं. मुरवायला खणलेला नाला विहिरी रिकाम्या करतो! प्रदीप पुरंदरे यांच्यासारख्या जलतज्ज्ञांनी जलयुक्त शिवार अभियानात या खोलीकरणावर टीका केली, ती याच कारणानं.

मग २०१६ ला आपण लातूरकरांनी वर्गणी काढून मांजरा नदी साई ते नागझरी अठरा किलोमीटर खोल-रुंद केली, ते चुकलं का? डॉ. अशोक कुकडे आणि इतर मंडळी पुढं होती, रिक्षावाल्यापासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांनी पैसे दिले. मला वाटतं, नदीत पाणी साठवायची जागा वाढवायची म्हणून ते काम ठीक होतं. बंधाऱ्यांमधला गाळ काढायलाच हवा होता. पण त्याला भूजल वाढवणं म्हणू नये. साठवणं आणि मुरवणं ही दोन वेगळी क्रियापदं आहेत. अर्थात त्या उन्हाळ्यात हे वाक्य कुणापुढं म्हणायची माझीही हिंमत झाली नव्हती.

शेततळ्याचंही तसंच. पावसाचं वाहतं पाणी धरलं तर शेततळं उत्तम. पण खाली प्लॅस्टिक अंथरून नोव्हेंबरात बोअरचं पाणी त्यात भरून ठेवायचं, हे काय आहे? जमिनीखाली झाकून ठेवलेलं पाणी वर काढून उन्हात ठेवायचं. का? तर खाली ठेवलं तर शेजारी उपसेल, वर ठेवलं तर माझं राहील. इथं माझा विषय सुरू होतो.

डेव्हिड ह्यूम नावाचा अठराव्या शतकातला स्कॉटिश तत्त्वज्ञ. त्याचं एक उदाहरण मी पस्तीस वर्षं वर्गात शिकवलं. दोन शेजाऱ्यांच्या सामाईक कुरणात पाणी साचलं आहे, ते काढायचं आहे. दोघं सहज एकत्र येतात, कारण आपण अंग चोरलं तर काम बुडेल हे दोघांनाही दिसतं. हजार माणसं असली तर? प्रत्येकाला वाटतं, बाकीचे करतील. मी हे 'समाज आणि शासन' या प्रकरणात शिकवायचो आणि पुढं जायचो. ह्यूमला पाणी काढायचं होतं, आपल्याला घालायचं आहे, एवढाच फरक. आणि एक मोठा फरक राहिला: त्याचं पाणी दिसत होतं. आपलं दिसत नाही.

आपला कायदा काय सांगतो? १८८२ चा सुविधाधिकार कायदा म्हणतो, ठरलेल्या प्रवाहात वाहत नाही असं जमिनीखालचं पाणी जमीनमालकानं आपल्या हद्दीत काढावं. इंग्रज न्यायाधीशांच्या डोळ्यासमोर हातानं उपसायची विहीर होती. मोट दिवसभर चालून चालून किती उपसणार? बैलाचा दमच मर्यादा घालायचा. हजार फुटांचं यंत्र आणि पाणबुडी मोटार त्या कायद्यानं पाहिली नव्हती. महाराष्ट्रानं २००९ मध्ये भूजल कायदा केला, तो २०१४ ला अमलात आला. साठ मीटरहून, म्हणजे दोनशे फुटांहून खोल विहीर शेतीसाठी घ्यायची नाही असं त्यात आहे. सभागृहात किती जणांच्या शेतात दोनशेच्या आतला बोअर आहे? हात वर करा. (शांतता, मग हशा) मीही करू शकत नाही.

आता माझी गोष्ट सांगतो. माझ्या घराचा जुना बोअर १८० फुटांचा. तो आटला म्हणून २०१२ ला दुसरा घेतला. दोनशेला फुफाटा, तीनशेला फुफाटा, मी म्हणालो घ्या पुढं. ५२० ला थोडं ओलं लागलं. केसिंग पाइप फक्त वरच्या मातीपुरता, वीस फूट. सगळेच तसंच करतात. शेजारी एक निवृत्त गुरुजी राहतात, त्यांच्या परसात जुना आड. तो आड ७२ च्या दुष्काळातही टिकला होता असं ते सांगायचे. माझा बोअर झाल्यावर महिन्याभरात आडाचं पाणी तळाला गेलं. योगायोग असेल म्हटलं.

मग एका रात्री वीज गेली होती, सगळं शांत होतं, आणि मला बोअरच्या पाइपातून आवाज आला. पाणी पडल्याचा. तुमच्यापैकी अनेकांनी हा आवाज ऐकला असेल, आणि 'बोअरला वरून झरा आहे' म्हणून समाधानही मानलं असेल. तो झरा नव्हता. वरच्या थरातलं पाणी माझ्या भोकातून खालच्या कोरड्या थरात पडत होतं. पुरणपोळ्यांच्या चवडीला वरून खालपर्यंत भोक पाडलं, तर वरचं तूप कुठं जाईल? मी गुरुजींचं पाणी वापरतही नव्हतो. ते नुसतं खाली सांडत होतं. खालचं पाणी जुनं असतं, एका पावसाळ्यात भरून येणारं नसतं. त्या पोकळीत वरची परात रिकामी होत होती. नांदेड जिल्ह्यात काही गावांत खोल पाण्यात फ्लोराइडही जास्त निघतं, दात पिवळे पडतात, ती आणखी वेगळी किंमत.

नैयायिकांचं एक प्रसिद्ध अनुमान आहे. नदीला पूर आलेला दिसला की वर कुठंतरी पाऊस झाला असणार. कार्यावरून कारण. ते उदाहरण मी शेकडो वेळा फळ्यावर लिहिलं. शेजाऱ्याचा आड आटला, माझ्या पाइपात पाणी पडतंय, हे अनुमान करायला मला तीन वर्षं लागली. कारण निष्कर्ष माझ्या गैरसोयीचा होता.

यावर माणसांनी उपाय शोधलेले नाहीत असं नाही. बहात्तरच्या दुष्काळानंतर विलासराव साळुंख्यांनी पुरंदर तालुक्यात नायगावला पाणी पंचायत उभी केली. नियम काय? पाणी जमिनीच्या नव्हे, माणसांच्या हिशोबानं. माणशी अर्ध्या एकराचं, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचं. भूमिहीनालाही वाटा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नाही. ऊस बंद. मला तत्त्वज्ञ म्हणून हे फार मोठं वाटतं, कारण १८८२ च्या कायद्याला त्यांनी कोर्टात न जाता उलटं केलं. हिवरे बाजारात पोपटराव पवार आणि ग्रामसभेनं शेतीसाठी बोअर बंद केले आणि दर वर्षी पावसानंतर पाण्याचा ताळेबंद मांडला, मग पीक ठरवलं. लातूर जिल्हा अटल भूजल योजनेत होता, तिथंही गावागावांत हा ताळेबंद भिंतीवर रंगवला गेला. रंगवणं आणि पाळणं यात अंतर आहे, ते तुम्हाला माहीत आहे.

कंधारला जगत्तुंग समुद्र आहे, राष्ट्रकूट राजानं बांधलेला. आपल्याच लातूरचं, लट्टलूरचं नाव लावणारं ते घराणं. अकराशे-बाराशे वर्षांपूर्वी त्यांनी तळ्याला समुद्र म्हटलं. आपण तळ्यांवर प्लॉट पाडले.

वेळ संपत आली. शहराबद्दल एकच. हजार चौरस फुटांच्या छतावर लातुरात वर्षाला पंचाहत्तर हजार लिटरच्या आसपास पाणी पडतं. ते गटारात जातं, रस्त्यावर गुडघाभर साचतं, मग नाल्यातून मांजरेत. नांदेडला गोदावरीत. अंगणात फरशी, गल्लीत सिमेंट, मुरणार कुठून? छताचं पाणी खड्ड्यात घाला. पण पहिला पाऊस सोडून द्या, त्यात छतावरची घाण असते. वाळू-खडीचा गाळणीचा खड्डा करा. आणि पाइप सरळ बोअरमध्ये सोडू नका. गाळ गेला तर बोअर बुजेल, घाण गेली तर सगळ्या गल्लीचं पाणी नासेल.

प्रश्न विचारा.

(श्रोत्यांतून एका ताईंचा प्रश्न: सर, मग तुमच्या त्या बोअरचं काय केलंत?)

हा प्रश्न येणार होताच. गुरुजींना जाऊन सांगितलं. ते म्हणाले, "मला तेव्हाच वाटलं होतं, पण तुम्ही प्राध्यापक." एवढंच. मग बोअरला खालपर्यंत केसिंग घालता येतं का विचारलं, ते माझ्या आवाक्याबाहेर होतं. शेवटी तो बुजवला. माझ्या आणि त्यांच्या, दोघांच्या छताचं पाणी गाळणीच्या खड्ड्यातून त्यांच्या आडाजवळ मुरवतो. जुना १८० फुटांचा बोअर कामचलाऊ पाणी देतो, उन्हाळ्यात टँकर घ्यावा लागतो.

आडाचं म्हणाल, तर दर अमावस्येला दोरी सोडून आम्ही मोजतो. गुरुजींच्या वहीत लिहिलेलं आहे. पहिल्या वर्षी फेब्रुवारीत तळ दिसला. यंदा मार्चअखेर सहा फूट होतं. पण यंदा पाऊसही जास्त झाला, तेव्हा दोन आकड्यांवरून मी अनुमान करणार नाही. पुढच्या अमावस्येला यायचं असेल तर या, दोरी धरायला एक माणूस कमीच पडतो.